हवा बदलली की कार्बन बदलतो

दुसऱ्या महायुद्धात विमानं पूर्वीपेक्षा उंच उडू लागली आणि त्यांच्या जनित्रांमधल्या कार्बन ब्रशचा काही तासांत भुगा होऊ लागला. जमिनीवर असा त्रास नव्हता. ग्रॅफाइट जात्याच गुळगुळीत, त्याचे थर एकमेकांवरून आपोआप सरकतात, अशी तोवर समजूत होती. जनरल इलेक्ट्रिकच्या आर. एच. सॅव्हेज यांनी 1948 मध्ये दाखवून दिलं, की हे सरकणं हवेतल्या बाष्पाच्या जोरावर चालतं. उंचावरच्या कोरड्या हवेत बाष्प जवळजवळ नसतं आणि मग ग्रॅफाइट ओरबाडलं जातं.

कार्बनच्या पातळ संरक्षक लेपांचा विचार इथूनच सुरू करावा, असं मला वाटतं. 1971 मध्ये आयझेनबर्ग आणि चॅबट यांनी कार्बन आयनांच्या झोतातून हिऱ्याशी गुण जुळणारा थर बनवला. आज कारखान्यांत सगळे त्याला डीएलसी (डायमंड-लाइक कार्बन) म्हणतात. यात काही बंध हिऱ्याचे, काही ग्रॅफाइटचे आणि बहुतेकदा सोबत हायड्रोजन असतो. डिझेल इंजेक्टरच्या सुईवर हा लेप दोन-तीन मायक्रॉन जाडीचा, तर हार्ड डिस्कवर अवघा दोन-तीन नॅनोमीटरचा.

अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अली एर्देमिर आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनने भरलेला लेप कोरड्या नायट्रोजनमध्ये तपासला, तेव्हा घर्षण गुणांक 0.001 पर्यंत उतरला. दमट हवेत मात्र तोच लेप कित्येक पटींनी जास्त घासतो. हायड्रोजनविरहित लेपाचं नेमकं उलट आहे: निर्वातात तो चिकटतो, झिजतो आणि दमट हवेत सुधारतो. पृष्ठभागावरच्या कार्बन अणूंचे मोकळे बंध समोरच्या धातूला धरू पाहतात. एकीकडे हायड्रोजन ते आधीच बुजवतो, दुसरीकडे पाण्याचे रेणू ते काम करतात. म्हणून माहितीपत्रकात घर्षणाचा एकच आकडा छापलेला दिसला, की तो कोणत्या हवेतला हे आधी विचारावं. कोरड्या नायट्रोजनमधला आकडा कोकणातल्या जुलैत काहीच कामाचा नाही.

प्रयोगशाळेत लेप दिलेल्या फिरत्या चकतीवर पोलादी गोळी दाबून धरतात. सुरुवातीला घर्षण चढतं, वरखाली होतं, मग हळूहळू उतरून स्थिरावतं. गोळी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर घासल्या जागी काळपट ठिपका दिसतो. लेपातला थोडा कार्बन गोळीवर जाऊन बसलेला असतो, बराचसा ग्रॅफाइटसारखा होऊन. त्यानंतर पोलाद कार्बनवर घासत नाही, कार्बनच कार्बनवर घासतो. लेप टिकतो तो स्वतः किंचित झिजून आणि ते झिजलेलं समोरच्याला देऊन. हा ठिपका पुसला, की घर्षण पुन्हा चढतं.

पण खरी अडचण घासून झिजण्याची नाही, पोपडे निघण्याची आहे. या लेपांत काही गिगापास्कलचा दाबताण कोंडलेला असतो. जाडी वाढवली, की लेप पोलादावरून सुटतो. म्हणून खाली क्रोम किंवा सिलिकॉनचा पातळ थर देतात. पकड तपासायला रॉकवेल यंत्राचा हिऱ्याचा शंकू 150 किलोच्या भाराने रुतवतात. खड्ड्याभोवती बारीक तडे चालतात, लेपाचे तुकडे निघाले तर अख्खा घाणा परत. पकडीची किंमत जर्मनीतल्या रुग्णांनी मोजली. 1990 च्या दशकात शंभराच्या आसपास जणांना डीएलसी लेपाचे कृत्रिम खुबे बसवले गेले. पहिली दीड-दोन वर्षं ते सिरॅमिकच्या खुब्यांइतकेच चालले, पुढे कित्येकांत लेप जागोजागी उखडला. शरीरातला द्रव लेपाच्या बारीक छिद्रांतून आत शिरून पकड कुरतडू शकतो, हे काही दिवसांच्या चाचणीत दिसत नाही.

इंजिनात हवेची जागा तेल घेतं. पोलाद पोलादावर घासू नये म्हणून तेलात मिसळतात ते एमओडीटीसी हे मॉलिब्डेनमयुक्त रसायन कार्बनी लेपाची झीज मात्र वाढवतं. याउलट निसानच्या संशोधकांनी हायड्रोजनविरहित लेप आणि ग्लिसरॉल मोनोओलिएट मिसळलेलं तेल यांची जोडी जुळवली. या रेणूंचे हायड्रॉक्सिल गट लेपाच्या पृष्ठभागाला धरतात आणि घर्षण उतरतं. त्यामुळे लेपाची मागणी नोंदवताना तेलाचं नाव आणि त्यातली मिश्रकं कळवणं, हे जाडी आणि कठीणपणा कळवण्याइतकंच गरजेचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मागणीपत्रांत त्यासाठी रकानाच नसतो.