ज्ञात भविष्याचे नाट्य

विज्ञानकथेचे कथाबीज हे लेखकाने वाचकाला दिलेले एक वचन असते. सृष्टीचा एखादा नियम क्षणभर बदलला तर माणूस कसा वागेल, असा प्रश्न लेखक उपस्थित करतो आणि त्याचे उत्तर पात्रांच्या वर्तनातून मिळावे अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर सप्टेंबर २००९ ते मे २०१० या काळात दाखविण्यात आलेल्या ‘फ्लॅशफॉरवर्ड’ या बावीस भागांच्या मालिकेने असेच एक वचन दिले होते. ते का पाळले गेले नाही, याचा विचार रूपांतराच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

मालिकेची कल्पना मोठी आकर्षक आहे. ६ ऑक्टोबर २००९ रोजी सारी मानवजात एकाच वेळी १३७ सेकंद बेशुद्ध पडते आणि तेवढ्या अवधीत प्रत्येकाला २९ एप्रिल २०१० या दिवशीच्या स्वतःच्या आयुष्याचे दर्शन घडते. रॉबर्ट सॉयर या कॅनेडियन लेखकाच्या १९९९ सालच्या कादंबरीवरून हे बीज घेतलेले आहे. कादंबरीत मात्र दिसणारे भविष्य एकवीस वर्षांनंतरचे आहे आणि कथेच्या केंद्रस्थानी जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील वैज्ञानिक आहेत. लॉइड सिमको याच्या प्रयोगाच्या वेळीच हा अनर्थ घडतो आणि त्यात त्याच्या वाग्दत्त वधूची लहान मुलगी दगावते. भविष्य अटळ आहे असे मानले, तर अपराधाचा भार हलका होतो; ते बदलता येते असे मानले, तर त्या मृत्यूची जबाबदारी टाळता येत नाही. काळाविषयीचा तात्त्विक वाद येथे एका माणसाच्या सदसद्विवेकाचा वाद होऊन बसतो.

मालिकेने ही जागा लॉस एंजेलिसमधील एफबीआयच्या मार्क बेनफर्ड या अधिकाऱ्याला दिली. आपण या घटनेचा तपास करीत आहोत आणि समोरच्या भिंतीवर पुराव्याचे कागद टाचलेले आहेत, असे त्याला भविष्यात दिसते. मग तो आठवणीतून तीच भिंत पुन्हा उभारतो व तिच्या आधारे तपास चालवितो. म्हणजे कागद भिंतीवर येतात ते त्याने पाहिले म्हणून, आणि त्याने पाहिले ते कागद भिंतीवर होते म्हणून! या ज्ञानाला जन्मदाताच नाही. ही विसंगतीही क्षम्य ठरली असती. पण तिने नायकाचे कर्तृत्वच हिरावून घेतले आहे. त्याला तर्क करावा लागत नाही की निवड करावी लागत नाही. स्मरण तेवढे करावे लागते.

इतर पात्रांची शोकांतिका अधिक जाणवते, कारण त्यांच्या ठायी नाट्याचे खरे सामर्थ्य होते. मार्कची पत्नी ऑलिव्हिया स्वतःला परपुरुषासह पाहते. मद्य सोडलेला मार्क स्वतःला पुन्हा पिताना पाहतो व ही गोष्ट तिच्यापासून लपवितो. न घडलेल्या अपराधाबद्दल पतिपत्नींनी एकमेकांना शिक्षा करावी, ही केवढी दारुण कल्पना! परंतु मालिका या संसारापाशी फार काळ थांबत नाही. नवे कट व नवे संशयित तिला पुढे ओढून नेतात. डिमिट्री नोह याला काहीच दिसत नाही, कारण तोवर तो मृत झालेला असणार. मरणाची तारीख कळलेला माणूस उरलेले दिवस कसे जगतो, हा प्रश्न मागे पडून त्याला कोण मारणार, एवढेच कुतूहल शिल्लक राहते.

याला एक तेजस्वी अपवाद आहे. अल गॉफ या अधिकाऱ्याला कळते, की आपल्या हातून एका निरपराध स्त्रीचा मृत्यू होणार आहे. तिला वाचविण्यासाठी तो इमारतीवरून उडी घेतो. भविष्य बदलता येते, हे येथे सिद्ध होते आणि त्याचे मोल एका माणसाचे प्राण हे असते. या घटनेनंतर प्रत्येक पात्राचे मन मुळापासून ढवळून निघावयास हवे होते. तसे होत नाही. गॉफ जातो आणि तपास पूर्वीच्याच वाटेने चालू राहतो.

दर आठवड्याला प्रेक्षकाची उत्कंठा टिकविणे मालिकेला भागच असते, असे यावर म्हणता येईल. ते खोटे नाही. परंतु या कथेला प्रारंभापासूनच एक निश्चित तारीख होती. एवढी सुबक मर्यादा फारच थोड्या मालिकांच्या वाट्याला येते. तरीही अखेरीस आणखी एक बेशुद्धी योजून तिने सारे प्रश्न पुढे ढकलले, आणि दुसरे पर्व निघालेच नाही.

भविष्यकथनाचे नाट्य आपल्याला नवे नाही. आकाशवाणी ऐकल्यावर कंसाने केलेली प्रत्येक कृती त्याच्या भयातून निपजते; इडिपस ज्या वाटेने भविष्य चुकवू पाहतो, तीच वाट त्याला तेथे नेऊन पोहोचविते. शेवट ठाऊक असूनही या कथा पिढ्यानपिढ्या ऐकल्या जातात, कारण त्यांत भविष्य ही माणसाची कसोटी आहे. मालिकेने तिचे कोडे केले, आणि कोड्याला पात्रांची गरज फक्त सुटेपर्यंतच असते. रूपांतरही एक प्रकारचे भाषांतरच होय. त्यात घटना बदलाव्यात, स्थळे बदलावीत. मूळ प्रश्न मात्र हरवू नये.