जलोद्यानातील प्रकाश आणि श्रावकाचा विवेक

अलीकडे आपल्या अनेक घरांच्या दिवाणखान्यांत आणि काही पेढ्यांच्या दर्शनी भागातही काचेची पाण्याची टाकी दिसू लागली आहे. मुलांचा हट्ट, कोणी दिलेली भेट किंवा वास्तूविषयीचा सल्ला, अशी त्याची कारणे निरनिराळी असतात. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ म्हणजे जीवाला कोंडून ठेवणे हाही एक अतिचार आहे. तेव्हा हौसेखातर मासे आणू नयेत, हे श्रावकास वेगळे सांगावयास नको. ज्यांच्या घरी ते आधीपासून आहेत, त्यांनी मात्र ते नदीत वा तळ्यात सोडू नयेत. परक्या पाण्यात ते मरतात, अथवा तगले तर तेथील माशांच्या मुळावर येतात. त्यांचा अखेरपर्यंत नीट सांभाळ करावा आणि नवे आणू नयेत, हाच मार्ग उचित.

मासे नसलेले, केवळ पाणवनस्पतींचे जलोद्यानही डोळ्यांना विसावा देते. अर्थात वनस्पती आणि पाणी हेही एकेंद्रिय जीव आहेत. म्हणून ज्यांना ते ठेवावयाचेच आहे, त्यांनी त्यातील हिंसा कमीत कमी कशी राहील, हे पाहिले पाहिजे. या बाबतीत सर्वांत मोठा वाटा दिव्याचा असतो.

अति प्रकाशाचे परिणाम

वनस्पतीला वाढीसाठी प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि क्षार या तिन्हींची गरज असते. दिवा प्रखर असला आणि उरलेल्या दोन गोष्टी बेताच्या असल्या, तर मंद वाढणाऱ्या रोपांना तो प्रकाश वापरता येत नाही. त्याचा लाभ शेवाळाला होतो. शेवाळ तर आपल्याकडे अनंतकाय मानलेले आहे. ते वाढले की काच खरवडणे आली. रोपांबरोबर नकळत आलेल्या गोगलगाईही त्यावर पोसून वाढतात. मग कोणी तांबेयुक्त औषध टाकतो आणि त्या मरतात. प्रयोजनाविना घडणारी हिंसा म्हणजे अनर्थदंड. येथे त्याचा आरंभ केवळ गरजेपेक्षा मोठा दिवा घेण्यापासून होतो.

रोपे आणि दिवा

अॅनुबियास, जावा फर्न, जावा मॉस आणि क्रिप्टोकोरीन ही रोपे मंद प्रकाशात सुखाने जगतात. अॅनुबियासला नवे पान यावयास काही आठवडे लागतात, त्यामुळे छाटणी क्वचितच करावी लागते. अॅनुबियास व जावा फर्न यांचे आडवे खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे.

दिवा घेताना केवळ वॅट पाहू नयेत, ल्युमेन पाहावेत. अशा रोपांसाठी दर लिटर पाण्यास १५ ते २० ल्युमेन हा व्यवहारी ठोकताळा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. तिला ८०० ते १,१०० ल्युमेन, म्हणजे साधारण १० ते १२ वॅटचा एलईडी पुरतो. प्रकाशाचा रंग दिवसाच्या उजेडाजवळचा, सुमारे ६,५०० केल्विन असावा. निळ्या-जांभळ्या शोभेच्या दिव्यांवर विसंबू नये. टाकी खिडकीतील थेट उन्हातही ठेवू नये. पाणी तापते आणि शेवाळ माजते.

वेळेची मर्यादा

प्रारंभी रोज सहा तास आणि पुढे सात ते आठ तास प्रकाश पुरे होतो. साधा टायमर लावून सकाळी १० ते सायंकाळी ५ अशी वेळ ठरवावी. सूर्यास्तापूर्वी दिवा बंद झाला, तर रात्री उजेडाकडे धावणारे कीटक पाण्यात पडत नाहीत. १२ वॅटच्या दिव्याला या हिशेबाने महिन्याला अडीच युनिट वीज लागते.

मासे नसलेल्या स्थिर पाण्यात डास अंडी घालतात. म्हणून बारीक जाळीचे झाकण आणि पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणारा लहान पंप आवश्यक समजावा. विजेची तार प्लगपाशी येण्यापूर्वी थोडी खाली झुकलेली ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये जात नाही.

काचेवर हिरवा थर दिसू लागला, तर औषध आणू नये. दिव्याची वेळ एका तासाने कमी करावी आणि दोन आठवडे वाट पाहावी. उलट रोपे फिकट, लांबट आणि विरळ होऊ लागली, तर एक तास वाढवावा.

व्यापारात आपण गरजेपुरताच माल भरतो, कारण जादा माल पडून राहिला की नासतो. जलोद्यानातील जादा प्रकाशाचेही तसेच आहे. फरक एवढाच की, येथे त्याचे नुकसान जीवांना सोसावे लागते. मर्यादेचा हा पाठ मुलांना शिकवावयाचा असेल, तर टायमरची वेळ ठरविण्याचे काम त्यांच्याच हाती द्यावे.