नव्या गुडघ्यात जंतू शिरतो तेव्हा

अम्मीचा गुडघा बदलून सात महिने झाले होते. करंजाडेच्या घरी ती पुन्हा जिना चढू-उतरू लागली होती, पाचही नमाज खुर्चीवर बसून वेळेवर होत होत्या. मग एका सकाळी टाक्यांच्या रेषेच्या खालच्या टोकाला मुगाएवढी पुळी दिसली. दोन दिवसांनी तिच्यातून पाणी झिरपू लागलं. आम्ही भावंडांनी नाक्यावरच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. पुळी बसली. पंधरा दिवसांनी परत आली, परत गोळ्या. असं तीनदा झालं आणि दर वेळी आम्हाला वाटलं, अल्लाहचा शुक्र, बरी झाली.

ती पुळी नव्हतीच. आतल्या सांध्यातला पू बाहेर पडायला वाट करत होता.

गुडघेबदल आता आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. २००० च्या ऑक्टोबरात पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. तेव्हापासून या ऑपरेशनची भीती बरीच गेली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली; नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. पण शंभरात एखाद-दोघांच्या नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो, हे फारसं कुणी बोलत नाही. आम्हीही ऑपरेशनआधी विचारलं नव्हतं.

हा संसर्ग गोळ्यांनी का हटत नाही? इमारतीच्या पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसाच थर जंतू धातूवर आणि प्लॅस्टिकवर धरतात. वरून कितीही पाणी ओता, तो निघत नाही. टाकी रिकामी करून घासावी लागते. धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे रक्तातून आलेलं औषध त्या थरात पुरेसं पोचत नाही. गोळ्यांनी बाहेरची सूज उतरते, आतला थर जागेवर राहतो. वर आणखी एक नुकसान: गोळ्या घेतल्यावर सांध्यातलं पाणी तपासलं तर जंतू अनेकदा सापडत नाही, आणि जंतू कोणता ते कळल्याशिवाय नेमकं औषध ठरत नाही.

आमच्या बाबतीत हेच झालं. हाडांच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या बंद करून दोन आठवडे थांबायला लावलं. मग ऑपरेशन थिएटरमध्ये सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. काही जंतू फार हळू वाढतात, म्हणून ते प्रयोगशाळेत चौदा दिवस ठेवलं. रक्तातला सीआरपी वाढलेला होताच.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच संसर्ग कळला, तर सांधा वाचू शकतो. गुडघा उघडून, धुऊन, खरवडून फक्त मधली प्लॅस्टिकची चकती बदलतात आणि मग महिनोन् महिने औषध चालतं. जंतू स्टॅफिलोकोकस असेल तर टीबीवरचं रिफाम्पिसिन दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरू नये, आणि टीबी झाला असंही समजू नये.

अम्मीची ती वेळ आम्ही गोळ्यांत घालवली होती. तिचा गुडघा पूर्ण काढावा लागला. त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला. सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची युक्ती हॅम्बुर्गच्या डॉ. बुखहोल्त्स यांची. तिथे पुष्कळदा जुना सांधा काढून नवा एकाच ऑपरेशनमध्ये बसवतात. पण त्यासाठी जंतू आधी ओळखलेला असावा लागतो आणि कातडी-मांस धड असावं लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

सहा आठवडे शिरेतून इंजेक्शन. रोज सकाळी रिक्षाने पनवेलला. वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जाणं हीच तिची दिवसाची मोठी चाल. वजूचं काय, हा तिचा पहिला प्रश्न. मौलानासाहेबांनी सांगितलं, पट्टीवरून ओला हात फिरवा, पाणी नको. मधेच रमजान आला. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे हे तिला ठाऊक होतं, तरी पहिल्या सहरीला उठून बसली आणि रडली. औषधाच्या वेळा चुकवायच्या नाहीत, हे समजावायला मोठ्या खालाला बोलवावं लागलं.

तीन महिन्यांनी तपासण्या नीट आल्यावर नवा गुडघा बसला. तो पहिल्याइतका वाकत नाही.

बदललेला सांधा काही महिने थोडा गरम आणि सुजलेला राहू शकतो, तो संसर्ग नव्हे. पण आठवडाभरानंतरही जखम ओलीच असेल, बरा झालेला सांधा पुन्हा दुखू लागला, जवळ पुळी आली किंवा ताप आला, तर मेडिकलऐवजी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जावं. अम्मीला मधुमेह आहे. पहिल्या वेळी साखर न आवरताच आम्ही ऑपरेशनची घाई केली होती, भाच्याच्या निकाहाआधी ती चालती व्हावी म्हणून. जंतू वर्षांनंतरही रक्तातून सांध्यात येऊ शकतो. दाताचा गळू, टाचेची भेग, लघवीचा संसर्ग, कुठूनही.

आता रोज इशानंतर धाकटी सून तिच्या टाचा बघते. परवा दाढ काढायला गेली तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच अम्मीने दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, "माझा गुडघा लोखंडाचा आहे, आधी तिकडच्या डॉक्टरांना फोन लावा."