नाट्यगृहाच्या तारांचाही विचार

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभी राहिलेली ही वास्तू. तिची पुनर्बांधणी करताना लाकूड-दगडाइतकाच विचार आतल्या यंत्रणा जोडणाऱ्या तारांचाही व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

एसी, दिवे, पंप, धुराचे सेन्सर या यंत्रणा पूर्वी वेगवेगळ्या चालत. एकीचं दुसरीला कळत नसे. ‘बॅकनेट’ हा सामाईक संवादनियम १९९५ मध्ये प्रमाण ठरला, पुढे तो इंटरनेट प्रोटोकॉलवरही चालू लागला. आता संगणकाच्याच केबलवरून निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलू शकतात.

प्रयोग हाउसफुल्ल असला की सभागृहातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. सेन्सर ते टिपतो, ब्लोअर वेग घेतो. तालमीला मोजकीच माणसं असली की वेग उतरतो. पंख्याला लागणारी वीज साधारण वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्म्यावर येते! नुसत्या चालू-बंद बटणाला हे जमणारं नाही.

आगीचा इशारा मिळताच हवा खेळवणारे ब्लोअर थांबवता येतात, डक्टमधल्या झडपा मिटतात, दारांची कुलुपं सुटतात. मात्र धोक्याची घंटा या नेटवर्कच्या भरवशावर ठेवू नये. तिचं पॅनेल, वायरिंग, बॅटरी स्वतंत्रच हवी. हे नेटवर्क प्रेक्षकांच्या वायफायपासूनही वेगळं ठेवावं लागतं, आणि देखभालीचा खर्च निविदेतच धरावा लागतो.