ज्यांनी ऐकलेच नाही, त्यांचे काय?



दिवाळीच्या सुट्टीनंतर गडचिरोलीकडची एक गोंड विद्यार्थिनी धंतोलीत मला भेटायला आली. सुट्टीत तिची आजी वारली होती. ती म्हणाली, "सर, आजीला येशूबद्दल कुणी सांगितलंच नाही. तिचं तारण झालं का?" त्या दिवशी मी तिच्यासोबत केवळ प्रार्थना करू शकलो. पुढच्या भेटीत जे सांगितले, ते येथे लिहितो.

आपले नागपूर वसवले ते गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, अठराव्या शतकाच्या आरंभी. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप येथे आले 1845 साली. त्याआधी गोंडांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या. त्यांनी ख्रिस्ताला नाकारले नव्हते. ते नावच त्यांच्या कानी आले नव्हते.

तारण केवळ ख्रिस्ताद्वारे आहे, हे पवित्र शास्त्र स्पष्ट सांगते (योहान 14, प्रेषितांची कृत्ये 4). ते आपल्याला सोडता येणार नाही. पण तेच शास्त्र अब्राहामाला विश्वासाने नीतिमान ठरवते (रोम 4), आणि त्यानेही येशूचे नाव ऐकले नव्हते. ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांचा विवेक त्यांच्याविषयी साक्ष देतो, असे पौल लिहितो (रोम 2). मंडळ्यांमध्ये याबाबत एकमत नाही. ऐकून विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, असे काही मानतात. रोमन कॅथलिक मंडळीने 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटले की, स्वतःचा दोष नसताना सुवार्तेपासून दूर राहिलेल्या, पण मनापासून देवाला शोधणाऱ्या माणसाचेही तारण होऊ शकते. मला एवढे कळते की, जो कोणी तरेल तो ख्रिस्ताच्या कृपेनेच तरेल. मात्र ती कृपा आपले पाय पोहोचतात तेथेच थांबते, असे शास्त्र म्हणत नाही.

मग आपण जायचे कशाला? कर्नेल्याकडे पाहा (कृत्ये 10). पेत्र पोहोचण्याआधीच त्याच्या प्रार्थना देवाने ऐकल्या होत्या. तरीही देवाने पेत्राला पाठवले, कारण कर्नेल्याला येशूची ओळख व्हावी अशी त्याची इच्छा होती. आणि तेथे जाऊन पेत्रही शिकला.

हिस्लॉपही येथे नुसते सांगायला राहिले नाहीत. त्यांनी गोंडांची भाषा आणि लिंगोची कथा ऐकून टिपून ठेवली. 4 सप्टेंबर 1863 रोजी, टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, ते पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांची टिपणे 1866 साली पुस्तकरूपाने छापली गेली.

मी त्या मुलीला म्हणालो, "बेटा, आजीचा न्याय तुझ्या-माझ्या हाती नाही. ज्याने वधस्तंभावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याच्या हाती आहे." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी दारात आलेल्याला उपाशी जाऊ देत नसे."

आपण या कामाला हातभार लावता तो भीतीपोटी नसावा. पूर्वीच्या पिढ्या देवाच्या हाती सोपवून, आज जे जिवंत आहेत त्यांच्यापर्यंत आनंदाने जाऊ या.

ख्रिस्तात आपला,
एक सेवक