ओट्याचा दगड आणि त्याची धूळ

वसईत घराचं काम काढलं की स्वयंपाकघरात घोडं अडतं: ओट्याला ग्रॅनाइट घ्यायचा की क्वार्ट्झ? नात्यातल्या एका घरी पांढराशुभ्र क्वार्ट्झ बसताना पाहिला. कटर फिरला आणि घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. दगडाला असा वास कुठून आला, या प्रश्नापायी मी वालीवच्या एका मार्बलवाल्याकडे गेले.

"ताई, नव्वद टक्के दगडच आहे," कारागीर म्हणाला. खरंच आहे. गारगोटीचा चुरा नव्वद टक्के, बाकी रेझिन आणि रंग. सगळं दाबून, तापवून स्लॅब काढतात. वास त्या रेझिनचा. स्लॅब तेल-हळद पीत नाही, पण तापलेला तवा थेट टेकवला तर रेझिन करपतं आणि डाग कायमचा राहतो. ग्रॅनाइटला तव्याचं भय नाही. अधूनमधून सीलर लावलं की झालं.

माप घेणं, कापणं, कड गोल करणं, सिंकचं भोक पाडणं हे सगळं भराभर उरकलं. माझं लक्ष मात्र कारागिराच्या पापण्यांवरून हलेना. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यागत त्या पांढऱ्या झाल्या होत्या. तोंडावर नुसता रुमाल. कटर कोरडाच चालू होता. पाणी लावलं तर चिखल होतो, पुसायला वेळ जातो, असं तो म्हणाला.

नव्वद टक्के गारगोटी म्हणजे नव्वद टक्के सिलिका. ग्रॅनाइटमध्ये ती याच्या निम्म्याहूनही कमी, संगमरवरात नगण्य. ही बारीक धूळ फुप्फुसात रुतून बसते, तिथे व्रण धरतात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा करणारं औषध नाही. रुमालातून ती धूळ सहज आत जाते. तरुण कारागीर आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे तोच दगड 'प्रीमियम' म्हणून खपतो.

आणि हे वसईत, जिथला काळा दगड पोर्तुगिजांनी गलबतांतून गोव्याला नेला! १६०५ साली अभिषेक झालेल्या जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम वसईच्या दगडातलं आहे. तिथला उघडा जांभा पावसाने झिजतो आहे, हा दगड चारशे वर्षांनीही टिकून आहे.

माझं मत ग्रॅनाइटला. पण धूळ त्याचीही वाईटच. तेव्हा दगड कुठलाही घ्या, कारागिराला पाणी लावूनच कापायला सांगा, चांगला मास्क द्या आणि चिखल पुसायच्या वेळेचे पैसे वेगळे मोजा.