वाड्यावरील कुत्र्यास कच्चे मांस व हाडे देताना घ्यावयाची काळजी

मेंढ्यांच्या वाड्यावर कुत्रा नाही, असे सहसा आढळत नाही. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जाणारा मेंढपाळ असो, की गावालगत चार शेळ्या बाळगणारा अल्पभूधारक असो, लांडग्यापासून व चोरापासून जनावरांचे रक्षण कुत्र्यावाचून नीट होत नाही. या कुत्र्याचे रोजचे खाणे म्हणजे बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी आणि मिळाले तर ताक. मांस त्याच्या वाट्यास येते ते प्रसंगाने. देवाची कंदुरी झाली, आखाडात बोकड कापला, किंवा कळपातील एखादी मेंढी मेली, म्हणजे माणसाने नको म्हणून टाकलेला भाग कुत्र्यापुढे जातो. नेमक्या या टाकलेल्या भागातूनच मनुष्यास, मेंढीस व खुद्द कुत्र्यासही अपाय होण्याचा संभव असतो.

याचा अर्थ कुत्र्याला मांस देऊच नये असा नव्हे. मांस हे त्याचे नैसर्गिक अन्न आहे आणि केवळ भाकरीवर राखलेल्या कुत्र्याला अधूनमधून मिळालेले मांस अंगी लागते. कोणता अवयव द्यावयाचा, तो कोणत्या जनावराचा व कोणत्या स्थितीतील आहे, एवढाच विचार करावयाचा आहे.

काळजावरील पाण्याची गाठ

बोकड किंवा मेंढी कापून पोट उघडले असता काळजावर अथवा फुप्फुसावर कधी कधी पांढुरक्या, पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. काही बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या, तर काही त्याहूनही मोठ्या असतात. कापणारा तेवढा भाग काढून बाजूस टाकतो व जवळ टपून बसलेला कुत्रा तो उचलून नेतो. कोणालाही यात वावगे वाटत नाही. उलट घाण परस्पर गेली, असेच वाटते.

ही गाठ म्हणजे एका पट्टकृमीची बाल्यावस्था होय. तिला हायडॅटिड गाठ असे म्हणतात. पुष्कळ गाठींच्या पाण्यात या कृमीची हजारो सूक्ष्म मस्तके तरंगत असतात. गाठ कुत्र्याच्या पोटात गेली की ही मस्तके त्याच्या लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात व त्यांतून पूर्ण वाढलेले कृमी तयार होतात. हा कृमी फार लहान, साधारणपणे ३ ते ६ मिलिमीटर लांबीचा असतो. त्यामुळे कुत्र्याच्या विष्ठेत तो सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. सुमारे सहा-सात आठवड्यांनंतर त्याची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडू लागतात.

ही अंडी कुरणात, पाणवठ्यावर, भाजीच्या वाफ्यात पडतात. ओलाव्याच्या व सावलीच्या जागी ती कित्येक महिने जिवंत राहतात. चरताना मेंढीच्या पोटात गेली, म्हणजे तिच्या काळजात पुन्हा तशाच गाठी धरतात. येथवर हे चक्र कुत्रा व मेंढी या दोघांचेच आहे. परंतु कुत्रा गुदद्वार चाटतो, त्याच जिभेने अंग चाटतो, आणि अंडी त्याच्या केसांना चिकटून राहतात. त्या कुत्र्याला कुरवाळून मूल तसेच भाकर खावयास बसले, म्हणजे अंडी मुलाच्या पोटात जातात. मेंढीच्या अंगात जे घडते, तेच मग त्या मुलाच्या अंगात घडते.

गाठ फार सावकाश वाढते. लहानपणी शिरलेला रोग तरुणपणी किंवा त्याहूनही उशिरा उघडकीस येतो. पुष्कळदा ती काळजात म्हणजे यकृतात असते, त्याखालोखाल फुप्फुसात. उजव्या बरगडीखाली जडपणा, दुखणे, कधी कावीळ, तर कधी खोकला, अशी लक्षणे दिसेपर्यंत गाठ नारळाएवढीही झालेली असू शकते. ती अंगातल्या अंगात फुटल्यास जिवावर बेतते. अल्बेंडाझोलसारखी औषधे डॉक्टर देतात. तथापि अनेकांना शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. ज्याने वीस वर्षांपूर्वी कुत्र्यापुढे टाकलेले काळीज कधीच विसरून गेलेले असते, त्याला या दुखण्याचे मूळ सांगूनही पटत नाही.

एक गोष्ट येथे स्पष्ट करणे अवश्य आहे. गाठ असलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने मनुष्यास हा रोग होतो, असा समज होणे साहजिक आहे. परंतु तो बरोबर नाही. मांसातील गाठ माणसाच्या पोटात गेली तरी तीतून त्याला गाठी धरत नाहीत. तसेच रोग्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याच्या शेजारी झोपल्यानेही हा रोग लागत नाही. मनुष्याला तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांमुळे, आणि कुत्र्याला तो होतो कच्च्या काळजा-फुप्फुसांतील गाठीमुळे. साखळीची ही कडी माणसाच्या हातात आहे. कुत्र्याकडे पाहून मात्र काहीच कळत नाही. आतड्यात हजारो कृमी असूनही तो धष्टपुष्ट दिसतो, चपळाईने राखण करतो. ‘आमचा कुत्रा निरोगी आहे’ या म्हणण्याला म्हणून या बाबतीत अर्थ नाही.

आइसलँड या मेंढपाळांच्या देशात एके काळी या रोगाने कहर केला होता. १८६३ साली हाराल्ड क्राबे या डॅनिश वैद्याने तेथे जाऊन कुत्र्यांची तपासणी केली, तेव्हा शंभरांत अठ्ठावीस कुत्र्यांच्या आतड्यांत हा कृमी सापडला. त्याने सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली व ती घरोघर वाटण्यात आली. कृमी नाहीसा करणारे खात्रीचे औषध त्या काळी नव्हते. गाठी असलेले अवयव कुत्र्याच्या तोंडी लागू द्यावयाचे नाहीत, हाच उपायाचा गाभा होता. पुढे कायदे झाले, कुत्र्यांची संख्या कमी झाली आणि काही पिढ्यांत तो देश या रोगातून मुक्त झाला. न्यूझीलंडमध्ये १९५९ साली यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला व २००२ साली तो देश या रोगापासून तात्पुरता मुक्त म्हणून जाहीर झाला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे, की आइसलँडात कामाचा आरंभ दवाखान्यातून झाला नाही, तर वाचून दाखवता येईल अशा एका पुस्तिकेने झाला.

काय करावे

मेंढी, बोकड, डुक्कर किंवा गुरे यांचे काळीज, फुप्फुसे, प्लीहा, गुर्दे व इतर आतील अवयव कुत्र्यास कच्चे कधीही देऊ नयेत. गाठ वरून दिसो वा न दिसो. लहान गाठी आत दडलेल्या असतात. द्यावयाचेच झाल्यास त्यांचे लहान तुकडे करून पाणी खळखळू लागल्यापासून निदान अर्धा तास उकळावे. आख्खे काळीज वरून शिजलेले दिसले तरी आत कच्चे राहते, म्हणून तुकडे करणे महत्त्वाचे. निखाऱ्यावर वरवर भाजून भागत नाही, आणि मीठ-हळद चोळल्याने तर काहीच साधत नाही.

वाड्यावर सरपण मोजकेच असते, हे खरे. ज्या ठिकाणी अर्धा तास जाळ लावणे परवडत नाही, तेथे हे अवयव पुरून टाकावेत. खड्डा कमरेइतका खोल घ्यावा, माती दाबून वर दगड रचावेत आणि बाभळीच्या काटेरी फांद्या घालाव्यात. हातभर खड्डा केल्यास भटकी कुत्री तो त्याच रात्री उकरतात. कंदुरीच्या किंवा यात्रेच्या ठिकाणी एका दिवसात अनेक बोकड कापले जातात. तेथे असा एक खड्डा आधीच खणून ठेवला आणि कापणारांना तो दाखवून दिला, तर घरोघर सांगत फिरण्यापेक्षा अधिक काम होते.

मेंढीच्या डोक्याविषयीही हीच दक्षता बाळगावी. कळपातील एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूस गरगर फिरू लागते, अडखळते, आंधळ्यागत कुंपणावर आदळते. तिच्या मेंदूत दुसऱ्या एका पट्टकृमीची गाठ वाढत असण्याचा संभव असतो. अशी मेंढी मेल्यावर तिचे डोके फोडून कुत्र्यास घातले, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात तो कृमी वाढतो व त्याच्या विष्ठेतून कळपातील इतर मेंढ्यांस बाधा होते. मेंढपाळाचे नुकसान असे त्याच्याच हाताने चालू राहते. डोके पुरावे हे उत्तम.

मेलेले जनावर

आपोआप मेलेले जनावर कुत्र्यांपुढे टाकण्याची सवय सर्वस्वी सोडावी. जनावर एकाएकी मेले असेल, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर फाशी म्हणजे काळपुळीचा संशय घ्यावा. असे जनावर सोलू नये, फाडू नये; कुत्र्यांना त्याजवळ फिरकू देऊ नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. शव उघडले की या रोगाचे जंतू जमिनीत मिसळून अनेक वर्षे टिकून राहतात.

मेलेल्या कोंबड्यांचेही तसेच. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ उघडकीस आली, तेव्हापासून हा रोग महाराष्ट्राला अनोळखी राहिलेला नाही. मार्जारकुळातील प्राण्यांना तो विशेष घातक असतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळील गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या याच रोगाने दगावले. खुराड्यात एकदम अनेक कोंबड्या मेल्यास त्या कुत्र्या-मांजरांना घालू नयेत. हाताळण्यापूर्वीच पशुवैद्यास कळवावे. गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर पडणारा जारसुद्धा पुरावा. काही गर्भपाताचे रोग त्यातून कुत्र्यात व कुत्र्याकडून पुन्हा गोठ्यात येतात.

हाडांविषयी

हाडांच्या बाबतीत रूढ वागणूक नेमकी उलटी आहे. जेवणावळीनंतर पत्रावळीवरील शिजलेली हाडे कुत्र्यास घालतात आणि कच्चे हाड घातक समजतात. वास्तविक शिजलेले हाड कोरडे व ठिसूळ होते, चावताच त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशात, जठरात किंवा आतड्यात रुततात. कोंबडीची शिजलेली हाडे या दृष्टीने सर्वांत वाईट. कच्चे, ताजे हाड त्या मानाने चिवट असते. तेही सरसकट निर्धोक नाही. बोकडाची मान, छातीची कुरकुरीत हाडे, मऊ बरगड्या चालतात. मांडीची कठीण नळी चावताना दाढ फुटते. नळीचे गोल काप तर देऊच नयेत. मज्जा चाटता चाटता ते काप खालच्या जबड्यात अडकून बसतात. तुकडा कुत्र्याला एकदम गिळता येणार नाही एवढा मोठा असावा. दोन कुत्री असल्यास त्यांना वेगवेगळे बांधून द्यावे, कारण हिसकाहिसकीत हाड न चावता गिळले जाते. हाडांचे प्रमाण एकंदर आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे. विष्ठा पांढरी, खडूसारखी भुसभुशीत होऊ लागली किंवा कुत्रा कुंथू लागला, म्हणजे हाडे जास्त झाली असे समजावे.

येथे एक धोक्याची सूचना. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, जबडा लोंबतो, त्याला गिळता येत नाही, आवाज बदलतो, आणि ‘घशात हाड अडकले’ असे म्हणून घरातील कोणी तरी तोंडात हात घालतो. हीच लक्षणे पिसाळण्याच्या म्हणजे रेबीजच्या रोगातही दिसतात. अशा कुत्र्याच्या तोंडात हात किंवा काठी घालू नये. त्याला अलग कोंडून पशुवैद्यास बोलवावे. हात आधीच घातला गेला असल्यास जखमेची वा ओरखड्याची जागा साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. कुत्रा पुढे बरा होतो की मरतो, याची वाट पाहत बसू नये. या रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसू लागल्यावर तो जवळपास कधीच वाचत नाही.

वाढत्या पिलास निव्वळ मांसावर ठेवणे हीदेखील चूकच. मांसात स्फुरद पुष्कळ व चुना फार थोडा असतो, त्यामुळे पिलाची हाडे मऊ राहून पाय वाकतात. मांसाबरोबर मऊ कच्ची हाडे, दूध व भाकरी असावी. काळीज उकळलेले असले तरी ते रोज देऊ नये. त्यातील अ जीवनसत्त्व अति झाल्यानेही सांधे धरतात.

मांस ताजे असावे. वैशाखाच्या उन्हात सकाळी कापलेले मांस दुपारपर्यंत उघडे राहिल्यास ते देऊ नये. कुत्र्याचे भांडे वेगळे ठेवावे, मांस कापलेली सुरी व पाट राख किंवा साबणाने घासून कडकडीत पाण्याने धुवावा. कच्च्या मांसातील जंतू पोटात असूनही कुत्रा आजारी न दिसता ते विष्ठेतून पसरवीत राहतो. लहान मुलांना कुत्र्याशी खेळल्यावर हात धुण्याची सवय लावावी आणि कुत्रा भाजीच्या वाफ्यात बसणार नाही असे पाहावे.

कृमींचे औषध

जी कुत्री आजवर कच्चे अवयव खात आली आहेत, त्यांना प्राझिक्वांटेल हे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. वजनाच्या दर किलोग्रॅमला ५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्यास १०० मिलिग्रॅम, हे त्याचे नेहमीचे प्रमाण होय. भाकरीच्या घासात गोळी दडवून दिल्यास कुत्रा ती बहुधा खातो. थुंकली नाही ना, एवढे पाहावे. कच्चे अवयव तोंडी लागणे बंद झालेले नसेल, तर औषध दर सहा आठवड्यांनी द्यावे लागते. हे औषध कृमी मारते, पण त्यांची अंडी मारीत नाही. यास्तव औषध दिल्यावर कुत्रा दोन दिवस एका जागी बांधून ठेवावा आणि त्या दोन दिवसांतील सर्व विष्ठा फावड्याने गोळा करून जाळावी किंवा खोल पुरावी. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये. वाडा हलविण्याच्या आदल्या आठवड्यात औषध दिल्यास सोयीचे पडते, कारण एकदा वाट सुरू झाल्यावर कुत्रा दोन दिवस बांधून राहत नाही.